जुन्या पाण्याचा देश : कुंभकोणम परिसरातील आरोग्यशिक्षणाचा इतिहास

कावेरी आणि तिच्यापासून फुटणारी अरसलार या दोन प्रवाहांच्या मधोमध वसलेले कुंभकोणम तंजावरपासून ईशान्येस सुमारे ४० किलोमीटरवर आहे. दर बारा वर्षांनी भरणारी महामहमची स्नानयात्रा, देवळांची दाटी, पितळी समया, विड्याची पाने आणि गणिती श्रीनिवास रामानुजन यांचे बालपण यांमुळे हे गाव सर्वदूर परिचित असले, तरी दक्षिण हिंदुस्थानच्या वैद्यकीय इतिहासात त्याची आणखी एक ओळख आहे आणि ती हत्तीरोगाची आहे. तमिळमध्ये या रोगाला ‘यानैक्काल’, म्हणजे हत्तीचा पाय, असे म्हणतात. संस्कृत वैद्यकात त्याचे नाव ‘श्लीपद’ असे आहे. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात श्लीपदाची लक्षणे देऊन झाल्यावर त्याचा देशही सांगितला आहे: जेथे जुने पाणी मोठ्या प्रमाणावर साठून राहते आणि जी भूमी सर्व ऋतूंत थंड असते, तेथे हा रोग विशेषेकरून आढळतो. कृमी आणि डास यांचा या रोगाशी असलेला संबंध उलगडण्याच्या कितीतरी शतके आधी नोंदवलेल्या या निरीक्षणातील जुन्या पाण्याची बाब कालवे, तळी, सांडपाण्याची डबकी आणि घराघरांमागचे शोषखड्डे यांनी व्यापलेल्या कावेरीच्या त्रिभुज प्रदेशाला चांगलेच लागू पडते.

रोगाचा देश इतका आधी ओळखला गेला असूनही रोग टिकून राहिला, याचे कारण केवळ औषधाच्या अभावात शोधून चालत नाही. आरोग्याचे ज्ञान कोणाला द्यावे, ते कोणत्या भाषेत द्यावे आणि ते शिकून आलेल्या माणसावर लोकांनी कशाच्या बळावर विश्वास ठेवावा, हे तीन प्रश्न कावेरीकाठी गेली दोनशे वर्षे पुन्हा पुन्हा उभे राहिले आणि प्रत्येक काळाने त्यांची आपापली उत्तरे दिली. रुग्णालये आणि औषधे यांच्या इतिहासामागे दडलेला हा शिकवणीचा इतिहास उलगडला, तर तंजावरच्या मराठी राजवटीपासून आजच्या ग्रामीण परिचारिकेपर्यंतचा एक सलग धागा हाती लागतो, आणि हाच धागा पुढे आफ्रिकेतील खेड्यांपर्यंत जाऊन पोहोचतो.

शहाजीराजांचे पुत्र व्यंकोजी यांनी सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात तंजावरला भोसल्यांची गादी स्थापन केली आणि ती १८५५ पर्यंत टिकली. या काळात मराठी भाषक कारभारी कुटुंबे कुंभकोणम, मन्नारगुडी आणि तंजावर येथे स्थायिक झाली, मोडी लिपीतील दप्तर वाढत गेले आणि तमिळ ‘छत्तिरम’ व मराठी ‘छत्र’ ही एकाच संस्थेची दोन नावे रूढ झाली. छत्र म्हणजे वाटसरूंसाठी अन्न व निवारा पुरवणारी धर्मशाळा. तंजावरच्या राजघराण्यातील स्त्रियांच्या नावे उभारलेली अशी अनेक छत्रे रामेश्वरच्या यात्रामार्गावर होती. सरफोजीराजे दुसरे (१७७७–१८३२) यांनी १८०१ मध्ये कंपनी सरकारच्या रेसिडेंटला लिहिलेल्या पत्रात या छत्रांचे जे वर्णन केले आहे, त्यावरून ती केवळ अन्नछत्रे नव्हती हे उघड होते. तेथे जातीचा भेद न करता शिजवलेले अन्न मिळे, वाटेत आजारी पडलेल्यांना बरे होईपर्यंत औषध आणि पथ्याचे जेवण मिळे, बाळंतिणींची व तान्ह्या मुलांची वेगळी सोय असे, अनाथ मुलांना शिक्षकाच्या हवाली केले जाई, आणि रोग, सूज व विषबाधा यांवर उपचार करणारे वैद्य नेमलेले असत. ओरत्तनाडू येथील मुक्तांबाळ छत्र हे याच परंपरेतील सर्वांत प्रसिद्ध उदाहरण होय. आरोग्यशिक्षणाच्या दृष्टीने यातील महत्त्वाची गोष्ट अशी की वैद्य, पाठशाळा आणि स्वयंपाकघर एकाच आवारात होते, त्यामुळे पथ्य हा उपदेशाचा विषय न राहता रोजच्या ताटातून दिसणारा धडा होता; मात्र वैद्यक शिकण्याचा अधिकार वैद्यापुरताच राहिला आणि रुग्ण केवळ घेणारा राहिला.

सरफोजींच्या स्वतःच्या जडणघडणीत युरोपीय आणि देशी विद्यांचा संगम होता. डॅनिश-हाले मिशनचे पाद्री ख्रिस्तियान फ्रीडरिख श्वार्ट्झ यांच्या देखरेखीखाली त्यांचे शिक्षण झाले, आणि १७९९च्या तहाने राज्याचा कारभार कंपनीकडे गेल्यावर उरलेली सत्ता आणि संपत्ती त्यांनी मोठ्या प्रमाणावर विद्येकडे वळवली. राजवाड्यातील ‘धन्वंतरी महाल’ ही संस्था त्याचीच खूण आहे. आयुर्वेद, सिद्ध वैद्यक म्हणजे तमिळ प्रदेशाची परंपरागत चिकित्सापद्धती, युनानी आणि युरोपीय वैद्यक अशा चारही पद्धतींचे जाणकार तेथे एकत्र काम करीत. औषधे केली जात, तपासली जात, आणि गुणकारी ठरलेल्या योगांचे तमिळ पद्यात संकलन होई. पुढे ‘शरभेंद्र वैद्य मुरैगळ’ या नावाने रोगवार भागांत प्रसिद्ध झालेल्या या ग्रंथमालेच्या नावातील ‘शरभेंद्र’ हे सरफोजींचेच संस्कृत रूप आहे. मानवी हाडांचा विटाळ मानणाऱ्या समाजात शरीररचनेचा अभ्यास करता यावा म्हणून त्यांनी हस्तिदंती सांगाडा करवून घेतला होता, आणि नेत्ररोग्यांवरील उपचारांच्या ज्या नोंदी रंगीत चित्रांसह आज सरस्वती महाल ग्रंथालयात जतन केलेल्या आहेत, त्यांवरून रुग्णाचा इतिहास पद्धतशीर लिहून ठेवण्याची शिस्तही तेथे रुजलेली दिसते.

या संकलनासाठी तमिळ पद्याची निवड का झाली, याचा विचार केला तर त्या काळातील शिक्षणाची सीमा लक्षात येते. दरबाराच्या मोडी दप्तराची भाषा मराठी, शास्त्राची भाषा संस्कृत आणि नव्या वैद्यकाची भाषा इंग्रजी असताना औषधयोग तमिळ पद्यात बांधले गेले, कारण गावोगावचे सिद्ध वैद्य पाठांतराने विद्या घेत आणि ओवीसारख्या बांधणीत आलेली मात्रा विसरली जात नसे. म्हणजे ज्ञान ज्याच्या हाती जायचे त्याच्या सवयीला धरून त्याचे रूप ठरवले गेले. शिकणाऱ्याच्या भाषेत आणि शिकणाऱ्याच्या रीतीने शिकवावे, हे पुढे जगभर आरोग्यप्रशिक्षणाचे पहिले सूत्र मानले गेले. तंजावरच्या राजवाड्यात ते सूत्र म्हणून मांडलेले नसले तरी व्यवहारात उतरलेले होते.

याच सुमारास देवीच्या लशीने विश्वासाचा प्रश्न अधिक तीव्र केला. एडवर्ड जेनर यांनी १७९८ मध्ये प्रसिद्ध केलेली गोस्तनदेवीची लस १८०२ मध्ये मुंबईत व त्याच वर्षी मद्रासला पोहोचली, आणि ती एका मुलाच्या दंडावरून दुसऱ्याच्या दंडावर अशा साखळीने पुढे न्यावी लागत असल्याने तिला माणसांची अखंड रांग हवी होती. तमिळ देशात देवीचा रोग हा मारियम्मनचा संचार मानला जाई. तंजावरजवळच्या पुन्नैनल्लूर येथील मारियम्मनच्या देवळाला खुद्द भोसले राजांचा आश्रय होता. अशा ठिकाणी नुसत्या हुकमाने लस टोचणे अवघड असल्याचे ओळखून फ्रान्सिस व्हाइट एलिस या तमिळ जाणणाऱ्या मद्रासच्या अधिकाऱ्याने लशीची महती सांगणारी एक रचना पुराणकथेच्या धाटणीने केली आणि गायीपासून मिळणाऱ्या पंचगव्यात या नव्या देणगीची भर पडल्याचे त्यात सुचवले. लोकांच्या श्रद्धेच्या भाषेत नवे वैद्यक सांगण्याचा हा प्रयत्न कौतुकास्पद होता, पण त्यात फसवणुकीचा अंशही होता, कारण सांगणाऱ्याचा स्वतःचा त्या कथेवर विश्वास नव्हता. आरोग्यप्रचारातील ही अडचण तेव्हापासून आजवर सुटलेली नाही.

१८५५ मध्ये दुसरे शिवाजीराजे पुत्राविना वारले आणि तंजावरची गादी खालसा झाली. छत्रांची व्यवस्था सरकारकडे व पुढे १८७१च्या मद्रास लोकल फंड कायद्यान्वये स्थापन झालेल्या स्थानिक मंडळांकडे गेली. त्यांच्या उत्पन्नाचा काही भाग शाळा आणि दवाखाने यांच्याकडे वळला. तंजावर येथील ‘राजा मिरासदार’ रुग्णालयाच्या नावातच त्याच्या देणगीदारांची ओळख आहे: एका बाजूस राजघराणे आणि दुसऱ्या बाजूस मिरासदार, म्हणजे वंशपरंपरागत हक्काने जमीन धारण करणारे संपन्न शेतकरी. तंजावरच्या वैद्यकीय शाळेत तयार होणारा ‘हॉस्पिटल असिस्टंट’ हा पूर्ण पदवीधर डॉक्टर नसे, तर मर्यादित काळाचे शिक्षण घेऊन तालुक्याच्या दवाखान्यात बसणारा कनिष्ठ वैद्यक असे. ग्रामीण भागाने प्रत्यक्षात पाहिलेले पाश्चात्त्य वैद्यक बहुधा त्याच्याच रूपात होते. याच पिढीत कुंभकोणममध्ये जन्मलेले मराठी देशस्थ कुटुंबातील टी. माधवराव (१८२८–१८९१), जे पुढे बडोद्याचे दिवाण म्हणून महाराष्ट्राला परिचित झाले, त्रावणकोरचे दिवाण असताना त्या राज्यात आधुनिक कारभाराची घडी बसली आणि १८६५ मध्ये तिरुवनंतपुरम येथे नागरी रुग्णालय सुरू झाले.

या नव्या व्यवस्थेने एका जुन्या शिकवणीला मात्र बाजूला सारले. तमिळ खेड्यांत प्रसूतीचे काम ‘मरुत्तुवच्ची’ करीत असे. शब्दशः हा ‘औषध जाणणारी स्त्री’ असा अर्थ असला तरी प्रत्यक्षात ती नाभिक समाजातील, सासूकडून सुनेकडे किंवा आईकडून मुलीकडे चालत आलेली विद्या बाळगणारी सुईण असे. मद्रासच्या १८४४ मध्ये स्थापन झालेल्या प्रसूती रुग्णालयात सुईणींना शिकवून स्थानिक मंडळांच्या नोकरीत पाठवण्याची पद्धत सुरू झाली, तेव्हा शिकलेली सुईण आणि मरुत्तुवच्ची या दोन स्त्रिया एकाच बाळंतिणीच्या उंबरठ्यावर प्रतिस्पर्धी म्हणून उभ्या राहिल्या. पहिलीकडे स्वच्छ हात आणि निर्जंतुक कात्री होती, दुसरीकडे घरोब्याचे नाते होते. ज्ञान आणि विश्वास ही दोन वेगळी खाती आहेत, हे येथे पहिल्यांदा इतक्या स्पष्टपणे दिसून आले.

हत्तीरोगाचे शास्त्र याच अर्धशतकात आकारास आले. टिमोथी लुइस यांनी १८७२ मध्ये कलकत्त्यात माणसाच्या रक्तात सूक्ष्म जंत पाहिले, पॅट्रिक मॅन्सन यांनी १८७७च्या सुमारास चीनमधील अमॉय येथे ते डासाच्या शरीरात वाढतात हे दाखवले, आणि शतकाच्या अखेरीस डासाच्या चाव्यातूनच ते पुन्हा माणसात शिरतात हे सिद्ध झाले. प्रौढ जंत लसिकावाहिन्यांत, म्हणजे ऊतींमधील पाणी परत रक्तात आणणाऱ्या बारीक नळ्यांत, पाच वर्षे किंवा त्याहून अधिक काळ राहतात. त्यांनी सोडलेली पिले, ज्यांना मायक्रोफायलेरिया म्हणतात, रात्री रक्तात उतरतात आणि दिवसा फुप्फुसांच्या बारीक वाहिन्यांत दडून बसतात. हा जंत वाहून नेणारा क्युलेक्स जातीचा डास भाताच्या खाचरातील स्वच्छ पाण्यापेक्षा सांडपाणी, मोरी आणि शोषखड्डा यांना अधिक पसंत करतो. म्हणून कुंभकोणमचा हत्तीरोग हा शेतीचा तितका नाही जितका दाट वस्तीच्या, जुन्या गल्ल्यांच्या, निचरा नसलेल्या गावाचा रोग आहे. तीर्थक्षेत्राची भरभराट आणि रोगाची भरभराट यांचे मूळ एकाच गर्दीत आहे.

मद्रास इलाख्याने १९३९ मध्ये देशातील पहिला सर्वंकष सार्वजनिक आरोग्य कायदा केला आणि स्वातंत्र्यानंतर १९५५ मध्ये राष्ट्रीय हत्तीरोग नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. या कार्यक्रमाने एक नवा कर्मचारी जन्माला घातला: रात्री आठनंतर काचपट्ट्या, सुया आणि कंदील किंवा विजेरी घेऊन घरोघर जाणारा रक्तनमुने गोळा करणारा माणूस. झोपी जाण्याच्या वेळी बोटातून रक्ताचा थेंब द्यायला लोकांना राजी करणे हे सूक्ष्मदर्शकाखाली जंत ओळखण्याइतकेच कौशल्याचे काम होते, आणि या दोन्ही कामांसाठी कोळिकोड, राजमहेंद्री आणि वाराणसी येथे प्रशिक्षण केंद्रे स्थापन झाली. डासांच्या अळ्या मारणारे तेल आठवड्याच्या ठरल्या दिवशी मोऱ्यांत टाकणे, डास पकडून त्यांच्यातील जंतांचे प्रमाण मोजणे, रक्तात जंत आढळलेल्यांना डायएथिलकार्बामाझिन (संक्षेपाने डीईसी) हे १९४७ मध्ये उपयोगी ठरलेले औषध देणे, असा हा कारभार होता. तो नगरपालिकेच्या हद्दीत चाले, त्यामुळे शेजारच्या खेड्यांतील रुग्ण त्याच्या कक्षेबाहेर राहत. आणि त्याचे सर्व प्रशिक्षण कर्मचाऱ्यासाठी होते, ज्याच्या पायाला सूज आली आहे त्याच्यासाठी त्यात धडा नव्हता.

हा दुसरा दोष दूर करण्याचा विचार १९७०च्या दशकात जगात अनेक ठिकाणी एकाच वेळी पुढे आला. तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातील जामखेड येथे रजनीकांत व मेबल आरोळे या डॉक्टर दांपत्याने १९७० मध्ये सुरू केलेल्या प्रकल्पात गावानेच निवडलेल्या, पुष्कळदा निरक्षर असलेल्या स्त्रियांना गावाची आरोग्यसेविका म्हणून तयार केले गेले. जागतिक आरोग्य संघटनेने १९७५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका संग्रहात जामखेडची हकीकत टांझानिया आणि नायजर येथील अनुभवांच्या शेजारी छापली गेली, आणि पुढे आफ्रिकेतील कार्यकर्तेही शिकण्यासाठी जामखेडला येऊ लागले. उलट दिशेचा प्रवासही घडला. डेव्हिड मॉर्ली या इंग्रज बालरोगतज्ज्ञाने १९५०च्या दशकाच्या उत्तरार्धात नायजेरियातील इमेसी-इले या खेड्यात मुलाच्या वजनाचा आलेख आईच्याच हाती ठेवण्याची पद्धत रूढ केली. १९८० मध्ये तमिळनाडूत सुरू झालेल्या एकात्मिक पोषण प्रकल्पात गावातील स्त्री कार्यकर्ती दरमहा मुलांची वजने करून तसाच आलेख भरत असे आणि ज्याची वाढ खुंटली त्यालाच ठरावीक काळ पूरक आहार देत असे. नायजेरियातील आईच्या झोपडीत जपलेला कागद अशा रीतीने तमिळ खेड्यातील भिंतीवर आला.

तमिळनाडूने मात्र केंद्राची प्रत्येक योजना जशीच्या तशी उचलली नाही. २ ऑक्टोबर १९७७ रोजी देशात सुरू झालेल्या सामुदायिक आरोग्यसेवक योजनेत हे राज्य सामील झाले नाही. त्याऐवजी रीतसर शिक्षण घेतलेली, पगारी आणि साधारण ५,००० लोकवस्तीमागे एक अशी नेमलेली ‘ग्राम आरोग्य परिचारिका’ हा त्या राज्याच्या व्यवस्थेचा कणा ठरला. तिची फेरी, तिची नोंदवही आणि लसीकरणाचा तिचा ठरलेला दिवस यांची सवय लोकांना अशी जडली की गावातील एखाद्या शेजारणीने औषध दिले तर ते घ्यावे की नाही अशी शंका यावी, पण परिचारिकेने दिले तर येऊ नये. कावेरीकाठी विश्वास नेमलेल्या माणसावर बसला. छत्रातला पगारी वैद्य आणि उपकेंद्रातील पगारी परिचारिका यांच्यात या अर्थाने एक आंतरिक सातत्य आहे.

आफ्रिकेत विश्वासाची घडण वेगळी होती, हे हत्तीरोगाच्याच जंतकुळातील दुसऱ्या एका रोगाने दाखवून दिले. ‘नदीकाठचे अंधत्व’ या नावाने ओळखला जाणारा ऑन्कोसर्कायसिस हा रोग साचलेल्या पाण्याचा नसून खळाळत्या पाण्याचा आहे, कारण तो पसरवणारी काळी माशी वेगवान प्रवाहातच अंडी घालते. या रोगाच्या भयाने पश्चिम आफ्रिकेतील सुपीक नदीखोरी ओस पडली होती. १९७४ पासून तेथे हेलिकॉप्टरमधून नद्यांवर कीटकनाशक फवारले गेले, आणि १९८७ मध्ये मर्क कंपनीने आयव्हरमेक्टिन हे औषध गरज असेतोवर विनामूल्य देण्याचे जाहीर केले. औषध होते, पण दवाखाना दोन दिवसांच्या पायपिटीवर होता. तेव्हा १९९५ मध्ये सुरू झालेल्या आफ्रिकी कार्यक्रमाने वाटपाचा अधिकारच गावाकडे सोपवला: औषध कधी वाटायचे, कोणी वाटायचे आणि हिशेब कसा ठेवायचा हे गावसभेने ठरवावे, आणि आरोग्यखात्याने फक्त निवडलेल्या माणसाला शिकवावे. हे प्रशिक्षण थोड्या दिवसांचे असे आणि त्याचे मुख्य साधन एक खुणा केलेली काठी होती. वजनकाटा नसल्याने माणसाची उंची मोजून गोळ्यांची संख्या ठरवली जाई, आणि त्यामुळे अक्षरओळख नसलेल्यालाही चूक न करता औषध देता येई. जेथे हे दोन्ही रोग एकत्र आहेत तेथे डीईसी दिल्यास डोळ्यांना इजा होऊ शकते, म्हणून आफ्रिकेत हत्तीरोगासाठीही आयव्हरमेक्टिन आणि अल्बेंडाझोल ही जोडी वापरावी लागली; म्हणजे औषधाची निवडही भूगोलावर अवलंबून राहिली.

१९९०च्या दशकाच्या उत्तरार्धात तमिळनाडूत आणि २००४ पासून देशभर हत्तीरोगावर सामुदायिक औषधोपचार सुरू झाला. याचा अर्थ असा की रक्त तपासून रुग्ण शोधण्याऐवजी रोगग्रस्त जिल्ह्यातील दोन वर्षांखालील मुले, गरोदर स्त्रिया आणि गंभीर आजारी माणसे वगळून सर्वांना वर्षातून एकदा औषध द्यायचे आणि प्रौढ जंतांचे आयुष्य संपेपर्यंत, म्हणजे निदान पाच-सहा वर्षे, ते चालू ठेवायचे. त्यासाठी साधारण २५० माणसांमागे एक औषधवाटप करणारा लागे, आणि त्याला द्यायची शिकवण गोळ्यांच्या संख्येपुरती नसे. गोळी हातात न ठेवता समोर गिळायला लावणे, रिकाम्या पोटी न देणे, आणि ज्याच्या रक्तात जंत आहेत त्याला औषधानंतर ताप किंवा चक्कर आली तर ती मरणाऱ्या जंतांमुळे आलेली प्रतिक्रिया आहे हे आधीच समजावून सांगणे, या गोष्टी न शिकवल्यास पहिल्या वर्षीचा ताप दुसऱ्या वर्षीच्या नकाराचे कारण होई. निरोगी माणसाने दुसऱ्याच्या रोगासाठी गोळी का घ्यावी, या प्रश्नाला उत्तर देणे सर्वांत कठीण असे.

याच काळात जागतिक आरोग्य संघटनेच्या पुढाकाराने आशिया आणि आफ्रिकेतील काही देशांत दोन पद्धतींची तुलना झाली: आरोग्यखात्याने केलेले वाटप आणि गावाने स्वतः चालवलेले वाटप. घाना आणि केनियात गावाने चालवलेले वाटप कितीतरी अधिक लोकांपर्यंत पोहोचले. तमिळनाडूत मात्र ते आरोग्यखात्याच्या वाटपापेक्षा सरस ठरले नाही. या निष्कर्षाचा अर्थ तमिळ गावात सहभागाची वृत्ती कमी असा लावणे चुकीचे होईल. जेथे परिचारिका महिन्यातून अनेकदा दारी येते तेथे लोक तिचीच वाट पाहतात, आणि जेथे ती येऊ शकत नाही तेथे गाव आपल्यातील माणूस उभा करते. प्रशिक्षण कोणाला द्यावे हे आदर्शावरून ठरवण्याआधी विश्वास आधीच कोणावर आहे हे पाहावे लागते. पोषणाचा आलेख नायजेरियातून तमिळनाडूत येऊ शकला आणि गावसभेची गोळीवाटणी तितक्या सहज येऊ शकली नाही, याचे कारण पहिल्याला फक्त आई लागत होती आणि दुसरीला वेगळ्या प्रकारचे गाव लागत होते.

औषधवाटपाने नवे रुग्ण घटले, परंतु ज्यांचे पाय आधीच सुजलेले होते त्यांना गोळीने पूर्वीचा पाय परत मिळत नव्हता. तंजावर वैद्यकीय महाविद्यालयातील शल्यचिकित्सक एस. जमाल यांनी लसिकाग्रंथी शिरेला जोडून साचलेल्या द्रवाला वाट करून देण्याच्या शस्त्रक्रिया केल्या आणि १९८०च्या दशकात त्यांची दखल जगाने घेतली. पण अशा शस्त्रक्रिया मोजक्यांच्याच वाट्याला येणाऱ्या होत्या. १९९०च्या दशकात ब्राझीलमधील रेसिफे येथील डॉक्टर जेरुसा ड्रेयर आणि केरळमधील आलप्पुळ येथील आर. के. शेणॉय यांच्या कामातून एक साधी गोष्ट पुढे आली. पाय जाडजूड होत जाण्यामागे जंतांइतकाच, किंबहुना अधिक, हात असतो तो बोटांच्या बेचक्यांतील चिरांतून वारंवार शिरणाऱ्या जीवाणूंचा; आणि त्यांना अडवायला रोज साबण व स्वच्छ पाण्याने पाय धुणे, बेचक्या कोरड्या करणे, चिरांना मलम लावणे, रात्री पाय उंचावर ठेवणे आणि मऊ पादत्राण वापरणे एवढे पुरते. ताप आणि वेदना यांचे झटके यामुळे कमी होतात आणि मजुरीचे दिवस वाचतात.

हा धडा तमिळ प्रदेशाला एका अर्थाने अनोळखी नव्हता. वेल्लोर येथे पॉल ब्रँड यांनी विसाव्या शतकाच्या मध्यास बधिर पायांची रोज पाहणी आणि निगा कुष्ठरुग्णालाच शिकवण्याची पद्धत घडवली होती. १९६५ मध्ये आदिस अबाबा येथे अखिल आफ्रिकेसाठी स्थापन झालेल्या कुष्ठरोग पुनर्वसन व प्रशिक्षण केंद्राच्या कल्पनेत त्यांचा सहभाग होता, आणि त्या केंद्रामुळे तमिळ भूमीवर घडलेले पायांच्या निगेचे शिक्षण इथिओपियाच्या पठारावर गेले. कुंभकोणमलगतच्या साक्कोट्टै येथेही कुष्ठरोग्यांची सेवा करणारे मिशनचे केंद्र दीर्घकाळ चालत आले आहे. कुष्ठरोगात पायाला काही जाणवत नाही आणि हत्तीरोगात पाय जड होतो. दोन्ही रोगांत ज्याचा पाय आहे त्यानेच त्याचा वैद्य व्हावे लागते.

धन्वंतरी महालात राजा आणि निवडक वैद्य शिकले, तालुक्याच्या दवाखान्यात हॉस्पिटल असिस्टंट शिकला, नगरपालिकेच्या रात्रीच्या फेरीत रक्त गोळा करणारा शिकला, उपकेंद्रात परिचारिका शिकली, औषधवाटपात शेजारी शिकला, आणि शेवटी मोरीवर पाय पुढे करून बसलेली रुग्ण स्त्री शिकली. शिक्षणाचे वर्तुळ या क्रमाने रुंदावत गेले तरी आधीचे कोणतेही वर्तुळ अनावश्यक ठरले नाही, कारण जंत ओळखण्यासाठी सूक्ष्मदर्शक, गोळी दारी आणण्यासाठी परिचारिका आणि पाय धुण्यासाठी घरातले माणूस या तिघांचीही गरज राहिली. सुश्रुताने ज्या जुन्या पाण्यात रोगाचे कारण पाहिले, ते कुंभकोणमच्या मोऱ्यांतून अजून पुरते वाहून गेलेले नाही, आणि ते वाहते करणे हे नगररचनेचे काम आहे. तोवर त्या पाण्याने दिलेल्या पायाची निगा ताज्या पाण्याच्या एका तांब्याने रोज राखावी लागते, आणि कावेरीकाठच्या दोन शतकांच्या आरोग्यशिक्षणाचा सर्वांत नवा धडा त्या तांब्याएवढाच आहे.